आईच्या फोनमधलं यूपीआय काढून टाकावं का?

निशिगंध
मंडळी, घरात एका गोष्टीवरून जोरदार वाद चाललाय म्हणून हा धागा. आई ६८ वर्षांची, चिपळूणला एकटी असते. मी नाशिकला, भाऊ ठाण्याला. बाबा गेल्यापासून लाईटबिल, सिलेंडर, औषधं, भिशी, सगळं तीच बघते आणि सगळं फोनवरूनच करते, कारण बँकेत रांगेत उभं राहणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. आता भावाच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांना त्या डिजिटल अरेस्टवाल्यांनी (पोलीस असल्याचं सोंग करून व्हिडिओ कॉलवर घाबरवून पैसे उकळतात ते) गाठलं आणि आयुष्यभराची पुंजी गेली. तेव्हापासून भावाने धोशा लावलाय की आईच्या फोनमधलं यूपीआय काढायचं, जमलं तर स्मार्टफोनच काढून घ्यायचा आणि साधा बटणांचा द्यायचा, पैसे लागतील तसे शेजारच्या दादाला सांगून काढून आणायचे. आई फोनवर रडली. म्हणाली, तुझे बाबा होते तेव्हा त्यांच्याकडे मागायचे, आता तुमच्याकडे मागू का?

भावाची भीती मला खोटी वाटत नाही, आणि आईचं तर पुरेपूर पटतं. ज्यांच्या घरी असं वय झालेलं माणूस एकटं राहतं त्यांनी काय केलंय ते सांगा. 'काळजी घ्या' असं मोघम नको, नक्की काय केलं ते हवंय.

सातारी_पेढा
काढू नका. जेवून येतो, मग सविस्तर लिहितो.

कॅशियरदादा
निशिगंधताई, मी सहकारी बँकेत काउंटरवर आयुष्य काढलं, आता रिटायर झालोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या भावाला ज्याची भीती वाटतेय तो प्रकार आणि यूपीआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीआयला साधारण दिवसाला एक लाखाची मर्यादा असते. डिजिटल अरेस्टमध्ये जे वीस-वीस, पन्नास-पन्नास लाख जातात ते बऱ्याचदा एफडी मोडून, माणूस स्वतः ब्रँचमध्ये येऊन, आरटीजीएसचा (मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत पाठवायचा) फॉर्म भरून पाठवतो. म्हणजे यूपीआय काढलं तरी ते दार उघडंच राहतं, आणि आईचं लाईटबिल मात्र अडतं.

यूपीआयवर जे छोटे-मध्यम पैसे जातात ते निराळ्या वाटेने. एक म्हणजे 'पैसे घ्यायला पिन टाका' असं सांगून. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार, हे आईंना पाठ असू द्या. ओळखीपाळखीशिवाय कोणीही पैशाची मागणी पाठवायची ती सोय, ज्यावर अर्धे उद्योग चालायचे, ती माणसा-माणसातली कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केलीय. दुसरं, आणि सध्या जास्त वाईट, ते एपीके. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' किंवा 'लग्नपत्रिका' किंवा 'पीएम किसान' नावाची फाईल येते, दाबली की ॲप इन्स्टॉल होतं आणि मग आपले मेसेज, ओटीपी सगळं तिकडे दिसायला लागतं. लग्नपत्रिका फोटो नाहीतर पीडीएफमध्ये येते, तिचं ॲप नसतं. हे वाक्य मी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात इतक्यांदा बोललोय की आता लोक मी दिसलो की आधीच म्हणतात.

रोखठोक
मी भावाच्या बाजूने. साठीच्या पुढे फोनवर पैसे ठेवूच नयेत. कॅश ती कॅश. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये यूपीआय देशभर बसलं होतं तेव्हा पेट्रोलपंपावर गाडीत पेट्रोल भरून झाल्यावर माणसं हातात फोन धरून उभी होती, कोणाच्या खिशात शंभराची नोट नाही. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बेंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे बघून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तर लोकांनी दुकानावर 'नो यूपीआय' च्या पाट्या लावल्या. मुळात फुकट दिलंय म्हणजे नंतर वसूल करणार. आईंना महिन्याची कॅश घरात ठेवू द्या.

रानजाई
रोखठोक, एकट्या राहणाऱ्या बाईने महिन्याची कॅश घरात ठेवायची हे तुम्हाला जास्त सुरक्षित वाटतं? आमच्या गल्लीत दिवसाढवळ्या 'दागिने पॉलिश करून देतो' म्हणत येणारे असतात. त्यांना यूपीआय लागत नाही.

रोखठोक
मुद्दा मान्य. पण चोर एका वेळी कपाटातलं नेतो, खात्यातलं नाही.

मिरजेची_मैना
माझं थोडं वेगळं. माझं मिरजेत छोटं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे, समोर भाजीबाजार. समोर एक मावशी बसतात, मेथी-कोथिंबीर-शेपू. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, फक्त आकडे कळतात. पूर्वी गर्दीच्या वेळी लोक 'पाठवले हं मावशी' म्हणून नुसता स्क्रीन दाखवून जायचे, खोट्या पेमेंटचं ॲप पण मिळतं म्हणे, हिरवी टिक दाखवणारं. मग त्यांनी तो बोलणारा डबा घेतला. आता दोन्ही हात जुडी बांधण्यात गुंतलेले असले तरी डबा मराठीत सांगतो वीस रुपये आले, आणि त्या मान न वळवता 'बरं' म्हणतात. डबा नाही बोलला तर गिऱ्हाईक हलू देत नाहीत. बघून मला फार बरं वाटायचं.

पण एकदा संध्याकाळी त्या माझ्याकडे शंभर रुपये उसने मागायला आल्या, रिक्षाला. म्हटलं मावशी आज तर डबा दिवसभर बोलत होता. तर कळलं क्यूआर मुलाच्या खात्याचा आहे. फोन मुलाकडे, बँक मुलाची, डबा तेवढा मावशींच्या पाटीवर. पूर्वी कनवटीला पैसे असायचे, त्यातले चार कोणाला न सांगता बाजूला टाकता यायचे. आता दिवसभर विकून संध्याकाळी हात रिकामा आणि मुलाला विचारायचं. मुलगा वाईट नाहीये हो, त्याला सोयीचं वाटलं म्हणून केलं.

निशिगंध, तुझ्या भावाचा बेत ऐकून मला हेच आठवलं. यूपीआय चांगलं की वाईट हा नंतरचा प्रश्न. खातं कोणाचं आणि फोन कोणाच्या हातात हे आधी बघ.

निशिगंध
मैना, हे आईला वाचून दाखवणार आहे.

भटका_शिवार
तुम्ही शहरातले लोक पेमेंटवरच अडकलाय. आमच्याकडे आता सातबाऱ्यावर पीक लावायला पण मोबाईल लागतोय. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आलं, तलाठ्याने चावडीत बसून अंदाजे पीक टाकायचं ते बंद, शेतकऱ्याने स्वतः वावरात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना एक नंबर. आमच्या गटात वर्षानुवर्षं नुसतं ज्वारी लागत होतं, ऊस असला तरी ज्वारी. आता माझं पीक मी लावतो, कोणाच्या पाया पडायचं नाही.

पण प्रत्यक्षात काय होतं, शेवटच्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र एकदम वावरात उभा राहतो आणि ॲप गरगर फिरत बसतं. वावरात उभं राहिलं तरी ते म्हणतं तुम्ही गटापासून लांब आहात. बांधावर चढून, चिंचेखाली जाऊन, रेंज शोधत फिरायचं. आणि नोंद नाही झाली तर पीक विमा, नुकसान भरपाई सगळीकडे अडतं. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो म्हातारा शेतकरी गावातल्या सहाय्यकाच्या मागे फिरतो. म्हणजे तलाठ्याच्या पाया पडायचं बंद झालं, आता फोनवाल्या पोराच्या पाया पडायचं.

दोन_चहा
शिवारदादा, अवांतर होतंय पण एसटीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. कंडक्टरच्या मशीनवर क्यूआर आल्यापासून 'सुट्टे द्या' हे भांडण संपलं की हो. तिकिटाच्या मागे 'बाकी ८ रु.' लिहून घ्यायचं आणि उतरताना विसरायचं, त्यात माझं किती गेलं असेल देव जाणे.

सातारी_पेढा
आणि घाटात रेंज गेली की कंडक्टर, प्रवासी आणि फोन तिघंही एकमेकांकडे बघत बसतात ते?

दोन_चहा
त्यासाठी वरच्या खिशात पन्नासची नोट. ते रोखठोकांचं मी मानलंय.

वरुडकर
आमच्याकडचा किस्सा सांगतो, याबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या काकाचं कृषी केंद्र आहे. एका गिऱ्हाईकाने औषध नेलं, साडेतीन हजार यूपीआय केले. काही महिन्यांनी काकाचं अख्खं खातं गोठवलं. काहून? तर कुठल्यातरी तिसऱ्या राज्यात फ्रॉड झाला होता, तो पैसा या खात्यातून त्या खात्यात फिरत फिरत त्या गिऱ्हाईकाकडे आला आणि त्यातले साडेतीन हजार काकाकडे. काकाचा काय दोष बाप्पा? ऐन हंगामात बियाण्याचे पैसे अडकून राहिले. बँक म्हणे पोलिसांना विचारा, पोलीस म्हणत मेल करा, मेलला उत्तर नाही. शेवटी बिलबुक, स्टॉक रजिस्टर, सगळं पाठवून पाठवून फक्त ती वादाची रक्कम अडवून बाकी खातं मोकळं केलं. तेव्हापासून काका दुकानाचं क्यूआर वेगळ्या खात्याला ठेवतो आणि रोज रात्री त्यातला पैसा मेन खात्यात वळवतो. हेच निशिगंधताईच्या आईलाही लागू पडते. जे खातं फोनला जोडलंय त्यात थोडकाच पैसा ठेवा.

कॅशियरदादा
वरुडकरांचा उपाय शंभर टक्के बरोबर. पेन्शनचं खातं एक, यूपीआयचं खातं दुसरं. यूपीआयच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतं. गेलं तर तेवढंच जाईल.

शेवंती
मी इथे फक्त वाचते, आज लिहिते. आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षक काका आहेत, पुण्यात. त्यांना फोन आला की तुमच्या नावाने पार्सल पकडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, तुमचं आधार वापरलंय. मग व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे पोलीस स्टेशनसारखी भिंत, कोर्टाचा शिक्का असलेले कागद. सांगितलं कॉल बंद करायचा नाही, खोलीचं दार लावायचं, बायकोला सांगितलंत तर तिलाही अटक. काकू स्वयंपाकघरातून जेवायला हाका मारतायत आणि हे आतून 'भूक नाही' म्हणतायत. रात्रीसुद्धा फोन उशाशी चालू. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं काका एवढी मोठी एफडी का मोडताय, तर म्हणाले मुलाने फ्लॅट घेतलाय. ते उत्तरसुद्धा तिकडूनच पढवलेलं होतं. तिने परत विचारलं, तर काका तिच्यावर ओरडले. आयुष्यात कोणावर आवाज न चढवलेला माणूस.

डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बात मध्ये सांगितलं, पेपरात आलं, फोनच्या कॉलरट्यूनवर वाजलं. काकांनी ते ऐकलेलं होतं. तरी झालं. कारण माणूस आधी एकटा पाडला जातो आणि मग घाबरवला जातो.

आता मला जे सांगायचंय ते पुढचं. काकांनी हे घरात बरेच महिने सांगितलंच नाही. तक्रारही नाही. का, तर मुलाला कळलं तर तो फोन काढून घेईल आणि सगळे व्यवहार स्वतःकडे घेईल, ही भीती. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला त्याच दिवशी फोन केला असता तर पुढच्या खात्यांतले थोडे तरी पैसे अडवता आले असते. निशिगंध, तुझा भाऊ काळजीपोटीच बोलतोय, पण 'फोन काढून घेऊ' हे वाक्य आईच्या कानावर गेलंय ना, तर उद्या काही झालं तर ती सर्वात आधी तुमच्यापासूनच लपवेल. ते वाक्य आधी मागे घ्यायला सांग त्याला.

रानजाई
शेवंती, लिहीत जा गं. 

सातारी_पेढा
मी जेवून येऊन जे लिहिणार होतो ते सगळं फिकं पडलं. तरी एक कामाचं: व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स इथे अनोळखी नंबरचे कॉल वाजूच द्यायचे नाहीत अशी सोय आहे. आईवडिलांच्या फोनवर आज करून टाका. आणि अँड्रॉइडमध्ये 'अननोन ॲप्स इन्स्टॉल' ची परवानगी व्हॉट्सॲपला आणि क्रोमला दोन्हीकडे बंद आहे ना ते बघा.

माळरान
वरचं सगळं पटतं, पण एक अपवाद. माझ्या सासूबाईंना विसरायला होतं, डॉक्टरांनी निदान केलंय. त्या त्याच दुकानदाराला एका दुपारी परत परत पैसे पाठवायच्या, तो बिचारा प्रामाणिक, घरी फोन करून सांगायचा. तिथे 'आईचा हक्क' म्हणून गप्प बसणं चुकीचं ठरलं असतं. आम्ही यूपीआय सर्कल केलं. खातं यांचं, त्यांच्या फोनवरून त्या पैसे देतात, महिन्याला जास्तीत जास्त १५ हजार आणि एका वेळी ५ हजारापर्यंत अशी मर्यादा घालता येते, किंवा प्रत्येक व्यवहाराला आपण होकार द्यायचा असंही ठेवता येतं. आम्ही मर्यादा खूप कमी ठेवलीय. दूधवाल्याला त्या अजूनही स्वतः पैसे देतात, आणि ते दिले की त्यांचा दिवस चांगला जातो.

निशिगंधची आई ठणठणीत आहे, त्यामुळे तिला हे लावू नये. मी फक्त म्हणतेय की सगळ्या म्हाताऱ्या माणसांना एकच नियम नको, ना काढून घ्यायचा ना मोकळं सोडायचा.

सिंगापुरी_शेव
इकडचं सांगते. सिंगापूर म्हणजे सगळं डिजिटल, शिस्त वगैरे, तरी इथेही म्हातारी माणसं अशीच फसतात. २०२३ च्या शेवटी इथल्या मोठ्या बँकांनी पैसे 'कुलपात' टाकायची सोय आणली. खात्यातली ठराविक रक्कम लॉक करायची, मग ती ऑनलाईन हलतच नाही, कोणीही पासवर्ड मिळवला तरी नाही, कुलूप काढायला वेगळी पडताळणी. आणि जुलै २०२५ पासून कायदा आलाय की एखादा माणूस फसतोय हे पोलिसांना दिसतंय पण तो स्वतः ऐकायलाच तयार नाही, तर पोलीस बँकेला त्याचे व्यवहार काही काळ रोखायला सांगू शकतात. यावर इथे बराच खल झाला, माझ्या पैशावर सरकारचा हात कशाला म्हणून. शेवंतीने सांगितलेले ते काका, काउंटरवरच्या मुलीवर ओरडणारे, त्यांच्यासाठीच हा कायदा आहे असं मला वाटलं. आपल्याकडे असं कुलूप आहे का?

कॅशियरदादा
सिंगापुरीताई, हुबेहूब तसं नाही, पण आपल्याकडे एक जुनंपुराणं कुलूप आहे आणि ते फॉर्मवरच असतं, कोणी वाचत नाही. संयुक्त एफडी करताना व्यवहार कसा चालणार याचा रकाना असतो. बहुतेक जण 'दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो' असं करतात. त्याऐवजी 'दोघांच्या सहीने' असं केलं की मुदतीआधी मोडायला आणि मुदत संपल्यावर काढायलाही दोघांच्या सह्या लागतात. आई एकटी ब्रँचमध्ये गेली, कितीही घाबरलेली असली, तरी एफडी मोडली जात नाही. भावाला कागद पाठवावा लागेल, म्हणजेच फोन करावा लागेल. तो एक फोन झाला की नव्वद टक्के प्रकरणं तिथंच संपतात, हे माझं काउंटरवरचं मत, कुठल्या अहवालातलं नाही.

रोखठोक
हे आवडलं. यात आईंचं यूपीआय राहतं आणि भावाची झोपही राहते. मी माझी 'कॅश ती कॅश' भूमिका बदलत नाही, पण माझ्या वडिलांच्या एफडीचा फॉर्म काढून बघणार आहे.

वरुडकर
रोखठोकभाऊ अर्धे वळले, धागा सार्थकी लागून राहिला.

भटका_शिवार
१९३० चं कोणीतरी नीट सांगा ना, फोन केला की पुढं काय होतं? आमच्या गावात लोक आधी पोलीस पाटलाकडे जातात, मग तालुक्याला, त्यात दिवस जातो.

कॅशियरदादा
१९३० ला फोन करायचा, ज्या खात्यातून पैसे गेले तो नंबर, व्यवहाराचा नंबर आणि वेळ हाताशी ठेवायची. तिथून संबंधित बँकांना कळवलं जातं आणि पैसा ज्या ज्या खात्यात सरकलाय तिथे जेवढा शिल्लक असेल तेवढा अडवला जातो. म्हणून पहिला तास-दोन तास महत्त्वाचे, चोर पैसा फार वेळ एका जागी ठेवत नाही. लाईन लागत नसेल तर सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाका. त्याचबरोबर बँकेला कळवून तक्रार नंबर घ्या. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे की तुमचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमचं नुकसान शून्य. पिन-ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. त्यामुळे लाज वाटून गप्प बसण्यात प्रत्येक तासाला तोटाच.

निशिगंध
सगळ्यांचे मनापासून आभार. काल आई, भाऊ आणि मी तिघं व्हिडिओ कॉलवर बोललो. शेवंतीची पोस्ट भावाला आधीच पाठवली होती. त्याने पहिल्यांदा ते फोन काढून घेण्याचं वाक्य मागे घेतलं, मग बाकी बोलणं सोपं गेलं. ठरलं असं की यूपीआय राहणार, पण पोस्टाच्या छोट्या खात्याला, पेन्शनचं खातं त्यापासून वेगळं. व्हॉट्सॲपचं सेटिंग तिथल्या तिथे आईकडूनच करून घेतलं, मी फक्त सांगत होते. आईने तिची पण अट घातली: 'माझ्या खात्यात डोकवायचं नाही, मी काय खर्च केला ते विचारायचं नाही. आणि तुम्हाला असे फोन आले तर तुम्ही पण मला सांगायचं, नुसतं मीच का सांगू.' भाऊ हो म्हणाला.

एफडीचं मात्र थोडं अडलंय. आईचं म्हणणं, दोघांच्या सहीने केलं आणि मला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर? सही घ्यायला ठाण्याला जायचं का?

कॅशियरदादा
आईंनी नेमकं विचारलं, बँकेतलेसुद्धा हे विचारत नाहीत. सगळी रक्कम एका एफडीत ठेवूच नका. मोठा भाग दोघांच्या सहीने. आणि दवाखान्यापुरती एक वेगळी, लहान, फक्त आईंच्या नावावरची, जी त्या एकट्या मोडू शकतील. ती किती रकमेची ते आईंनाच ठरवू द्या. जुन्या एफडीची पद्धत बदलायला खातेदारांच्या सह्या लागतात, त्यापेक्षा मुदत संपेल तेव्हा नवीन करतानाच रकाना नीट भरा. आणि नॉमिनीचा रकाना रिकामा नाही ना ते त्याच वेळी बघून घ्या.

माळरान
पोस्टाच्या खात्यावर यूपीआय चालतं का? माझ्या आईचं पण तिथेच आहे.

कॅशियरदादा
इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या खात्यावर चालतं. साधं बचत पासबुक असेल तर पोस्टमास्तरांना विचारून ते पेमेंट्स बँकेच्या खात्याला जोडून घ्या. जाताना आधार आणि खात्याला लावलेला मोबाईल दोन्ही न्या, ओटीपी तिथेच येतो.